बंद वखारीतील मोटार



शाळामास्तराने मोटारीवर भाषण करावे, ही गोष्ट आपणांस प्रथमदर्शनी काहीशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. ज्याचे सारे आयुष्य फळा, खडू आणि सायकल यांच्या संगतीत गेले, त्याला मोटारीतले काय कळणार, असे पुष्कळांच्या मनात येईल. आणि ते खोटेही नाही. परंतु वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझ्या हातून एक जुनी मोटार विकत घेतली गेली. ती घरी आणताना जे काही शिकावे लागले, ते आपल्या कानी घालावे एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

जुन्या मोटारीचे नाव निघाले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे दसरा चौक उभा राहतो. विजयादशमीस सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्यातील मंडळी ज्या मेबॅक मोटारीतून येतात, ती पाहण्यासाठी बापाच्या खांद्यावर बसलेली मुले माना उंचावतात. राजाराम महाराजांच्या काळातील ती जर्मन मोटार आजही स्वतःच्या चाकांवर येते, याचे कारण तिची निगा राखणारे हात कधी थांबले नाहीत. माझ्या मोटारीची कथा नेमकी याच्या उलट आहे. ती त्रेचाळीस वर्षे निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कुलुपाआड होती.

मोटार स्टँडर्ड हेरल्ड जातीची, दोन दारांची, १९६४ सालची. मिकेलॉटी नावाच्या इटालियन कलावंताने तिचा आकार रेखाटला, इंग्लंडमध्ये ती १९५९ साली बाजारात आली, आणि १९६१ पासून मद्रासजवळच्या कारखान्यात ती आपल्याकडे तयार होऊ लागली. इंजिन अवघे ९४८ सीसीचे. पण तिच्याच सांगाड्याची लांबी कमी करून इंग्रजांनी १९६२ साली स्पिटफायर ही शर्यती बाण्याची उघडी मोटार काढली. तेव्हा आमची हेरल्ड ही त्या तरुण, चपळ मोटारीची थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही. हिचे संपूर्ण तोंड पुढच्या बाजूस उलटते, त्यामुळे कारागिरास चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते; आणि सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती पुरी वळते.

ही माहिती मला पुस्तकातून मिळालेली नाही. माझे वडील निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडे या मोटारीवर चालक होते. दर रविवारी सकाळी ती पुसण्याचे काम माझ्याकडे असे. दार उघडावयाचे, आतली बैठक झाडावयाची, काचा लख्ख करावयाच्या. परंतु बैठकीवर बसावयाचे नाही. हा नियम मालकांनी केला नव्हता, वडिलांनी केला होता. 'आपण हिचे राखणदार, धनी नव्हे,' एवढेच ते म्हणत.

१९८१ साली निपाणीस तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर येऊन बसले, आणि ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काही जण प्राणास मुकले. त्यानंतर मालक वडिलांना म्हणाले, 'या लोकांसमोरून मोटारीने जावयास मला तोंड राहिले नाही. गाडी आत ठेवा.' वर्षभरात मालक वारले, वारस परगावी गेले. वडिलांनी किल्ली परत केली आणि पुढे पंधरा वर्षे ते त्या मोटारीविषयी चकार शब्द न काढता जगले व गेले.

गेल्या वर्षी मालकांच्या नातवाचा निरोप आला. वखार विकली जाणार होती, मोटार भंगारवाल्यास द्यावयाची होती. 'तुमच्या वडिलांची गाडी, म्हणून एकदा विचारतो,' असे ते म्हणाले. मी पंचाहत्तर हजार रुपये कबूल केले. हे रुपये मंगळवार पेठेतील आमच्या घराची कौले बदलण्यासाठी बाजूस ठेवले होते, ही गोष्ट मी घरी दोन दिवसांनी सांगितली. आमच्या सौभाग्यवतींनी भांडण केले नाही. 'पावसाळा किती महिन्यांवर आहे?' एवढेच त्यांनी विचारले. श्रोतेहो, भांडण परवडले असते.

माझी कल्पना अशी होती की एखाद्या रविवारी जावे, तेलपाणी घालावे आणि संध्याकाळपर्यंत घर गाठावे. ही कल्पना किती भाबडी होती, हे शिवाजी उद्यमनगरातील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला पहिल्याच दिवशी समजावून दिले. तो आज उत्तम मिस्त्री आहे. मी त्याला गणितात कधी पास केले नाही. आता त्याने माझी शाळा घेतली.

पहिला धडा असा की बंद मोटार घाईने सुरू करू नये. इंजिनातील दट्ट्यांच्या कड्या गंजून भिंतींना चिकटलेल्या असतात. जोर लावला तर त्या तुटतात. त्याने स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडले आणि आठ दिवस कोणी हात लावावयाचा नाही असे बजावले. नवव्या दिवशी पुढून हँडल घालून हलकेच फिरविले. प्रथम काही नाही, मग बोटभर, मग एक पूर्ण फेरा. 'गुरुजी, हिच्यात अजून लई जीव हाय,' तो म्हणाला.

दुसरा धडा पेट्रोलचा. टाकीतील जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा राळ झाला होता. तो खरवडून काढावा लागला. पण नवे पेट्रोलही या वृद्धेला सोसत नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या काळचे रबर पोखरते. हे इथेनॉल आपल्याच उसापासूनही होते. तेव्हा ज्या उसाने कोल्हापूर जिल्हा सधन केला, त्याच्याच अर्कापासून माझ्या मोटारीच्या नळ्या वाचवावयाच्या होत्या. सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्या लागल्या.

तिसरा धडा ब्रेकचा, व तो सर्वांत महत्त्वाचा. मोटार सुरू झाली नाही तर माणूस घरी बसतो. थांबली नाही तर घरी पोचत नाही. चाकांतील ब्रेकचे सिलिंडर गंजले होते आणि नवे कोठे मिळेनात. उद्यमनगरात ते लेथवर आतून कातून, त्यांत नवे अस्तर बसवून दिले गेले. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली, त्या गावास चार सिलिंडरांचे ते काय!

चौथा धडा कागदांचा. निपाणी कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. मराठी दोन्हीकडे एकच, पण दप्तरे दोन. ना-हरकत दाखला, विमा, तपासणी यांसाठी मी इतके हेलपाटे घातले की शिपाईदेखील मला 'या गुरुजी' म्हणू लागला. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांखाली नोंदलेली मोटार प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या फेरीस, दुरुस्तीस वा पेट्रोल भरण्यास नेता येते. रोजच्या वापरास नाही. म्हणजे भाजी आणावयास तिचा उपयोग शून्य, हे मी घरी अद्याप नीट सांगितलेले नाही.

एकंदर सात महिने गेले. शेवटी एका पहाटे आम्ही निघालो. मिस्त्री म्हणाला, 'गुरुजी, मी चालवतो. तुम्ही मागं मालकासारखं बसा.' मी मागचे दार उघडावयास गेलो आणि मागे दारच नाही हे पाहून हसू आले; इतकी वर्षे पुसूनही बसण्याचा प्रसंग न आल्याने विसर पडला होता. मी चालकाच्या जागी बसलो. शेजारी सौभाग्यवती; मिस्त्री मागून आपल्या टेंपोत दोरखंड घेऊन.

निपाणी ते कोल्हापूर अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. मालमोटारी गर्जत शेजारून जात होत्या, उसाचे ट्रॅक्टर देखील आम्हांस मागे टाकीत होते. कोगनोळीचा नाका आणि दूधगंगेचा पूल ओलांडला. कागलजवळ रेडिएटरमधून वाफ निघू लागली. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे ध्यानात ठेवा. अर्धा तास आम्ही झाडाखाली बसून राहिलो.

त्या अर्ध्या तासात सौभाग्यवतींनी समोरचा कप्पा उघडला. आत वडिलांची वही होती. पेट्रोल, मैल, हवा, तेल, सारे तारीखवार. त्यांतील जवळजवळ प्रत्येक रविवारपुढे एकच नोंद: 'गाडी पुसली. चिरंजीवाने. काम चोख.' श्रोतेहो, वडिलांनी माझ्या तोंडावर कधी शाबासकी दिली नव्हती. आणि मीही तीस-पस्तीस वर्षे वर्गात तोच बाणा चालविला. ज्या मुलाला मी कधी शाबासकी दिली नाही, तो त्या वेळी माझ्या मोटारीसाठी कळशी भरून आणीत होता. मी उठलो आणि त्याला म्हणालो, 'काम चोख केलेस हो.' तो गोंधळला. म्हणाला, 'गुरुजी, आधी घरी तर पोचू द्या.'

आम्ही पोचलो. गोकुळ शिरगाव, उजळाईवाडी मागे टाकून गाडी गावात आली, तेव्हा ऊन चढले होते. बोळाच्या तोंडाशी ती एका दमात वळली. सौभाग्यवतींनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुढे कुंकू लावले, आणि मग वर कौलांकडे पाहिले.

या पावसाळ्यात आमच्या माजघरात दोन बादल्या ठेवाव्या लागल्या. मोटार मात्र पत्र्याच्या शेडमध्ये कोरडी आहे. कौलांसाठी आता दरमहा निवृत्तिवेतनातून काही बाजूस टाकतो, आणि त्याचा हिशेब त्याच वहीत, वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली मांडतो. रविवारी गाडी पुसतो. पुसून झाल्यावर थोडा वेळ आत बसतो.