तबकडीच्या पाठीवरची नावे



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, अर्थकारण झाले, काल तर याच जागी उपनिषदांवर सुंदर विवेचन झाले. अशा ठिकाणी ‘आमच्यावर संस्कार करणाऱ्या रॉक संगीताच्या तबकड्या’ हा विषय पत्रिकेत वाचून काहींनी नाके मुरडली असतील. संस्कार आणि रॉक! एका स्नेह्याने आम्हाला विचारलेही, “अहो, हे छापण्यात चुकले तर नाही ना?” चुकलेले नाही. या तबकड्यांनी आम्हाला इंग्रजी गाणी तर ऐकवलीच, पण आमच्या घरातल्याच एका माणसाची ओळख करून दिली. ती हकीकत सांगावी, एवढाच आजचा बेत आहे.

प्रथम ‘तबकडी’ म्हणजे कोणती, ते सांगू. आमच्या वडीलमंडळींच्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात गवयाने राग मांडायचा, ताना घ्यायच्या आणि सम गाठायची. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ‘लाँगप्ले’ आणली. ती ३३ १/३ फेऱ्यांची, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे चालणारी. आरंभी रॉकवाल्यांनीही तीत सुटी गाणीच भरली. परंतु १९६५ च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेतल्या काही मंडळींना सुचले की, ही चाळीस मिनिटे एखाद्या मैफलीसारखी बांधावी. कोणते गाणे आधी, कोणते नंतर, बाजू उलटताना श्रोत्याला कुठे सोडायचे, हे ठरवावे. अशा बांधलेल्या तबकडीला आम्ही आल्बम म्हणतो.

आता घरची गोष्ट. आमचे वडील, नाना, तबला वाजवीत. ते मोठे वादक नव्हते. गावातली कीर्तने, गणपतीतले मेळे, बाहेरून आलेल्या गायकाला आयत्या वेळी लागणारी साथ, असा त्यांचा संसार. दिवसा पेढीवर कारकुनी आणि रात्री तबला. पत्रिकेवर गायकाचे नाव ठळक असे. नाना ‘साथसंगत’ या शब्दात कुठेतरी असत. पुष्कळदा तोही शब्द नसे.

खरे सांगायचे, तर कॉलेजात असताना आम्हाला नानांच्या तबल्याची लाज वाटे. मित्राने ‘वडील काय करतात?’ असे विचारले की आम्ही ‘पेढीवर असतात’ एवढेच सांगत असू. कोणाच्या तरी मागे बसून ठेका धरणे ही काय कला, असे आमचे तेव्हाचे ज्ञान. नानांचेही आमच्या आवडीविषयीचे मत काही निराळे नव्हते. रेडिओ सिलोनवर आम्ही इंग्रजी गाणी लावली की ते म्हणत, “कल्हईवाला आला वाटतं.” पुढे पुढे आमचे एकमेकांशी बोलणेच उरले नाही.

१९७१ च्या मे महिन्यात आमचा एक मित्र कोकणात आजोळी गेला आणि जाताना आपला फोनो व पाचसहा तबकड्या आमच्याकडे ठेवून गेला. त्याचा थोरला भाऊ विलायतेहून परतला होता, त्याने आणलेल्या त्या तबकड्या. आमचे बिऱ्हाड वाड्यातल्या दोन खोल्यांचे. त्यामुळे नानांना कान झाकून बसण्याचीही सोय नव्हती.

त्यांत बीटल्स मंडळींची ‘रिव्हॉल्व्हर’ होती, १९६६ सालची. पहिल्या बाजूचे चौथे गाणे ‘लव्ह यू टू’. जॉर्ज हॅरिसनचे हे गाणे सतारीच्या संथ सुरांनी सुरू होते आणि मग तबला येतो. नाना ओटीवर सुपारी कातरीत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला. गाणे संपल्यावर ते आत आले आणि त्या महिन्यातले पहिले वाक्य आमच्याशी बोलले, “तबला कोण वाजवतोय रे?”

आम्हाला ठाऊक नव्हते. गाणाऱ्या चौघांची नावे पाठ. तबलजीचे नाव बघावे हे डोक्यातच आले नव्हते. वेष्टन उलटे केले. पाठीमागे बारीक अक्षरांत छापले होते: अनिल भागवत, तबला.

“भागवत?” नाना म्हणाले, “आपलाच दिसतोय. नाव छापलंय?”

“छापलंय.”

“बघू.”

चष्मा लावून नानांनी ते नाव वाचले. मग म्हणाले, “पुन्हा लाव.”

या अनिल भागवतांची हकीकत आम्ही पुष्कळ पुढे वाचली. लंडनमध्ये हिंदी संगीताची एक संस्था होती. तिच्यामार्फत त्यांना एप्रिल १९६६ मध्ये बोलावणे आले. कोणासाठी वाजवायचे हेही आधी ठाऊक नव्हते. हॅरिसनने सोळा मात्रांचे काही सुचविले आणि बाकी त्यांच्यावर सोपवले. आपले नाव वेष्टनावर आले याचा आपल्याला फार अभिमान वाटतो, असे त्यांनी पुढे सांगितले होते. हे वाचले तेव्हा नानांची चष्मा लावलेली मुद्रा आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्या संध्याकाळी नानांनी माळ्यावरची ट्रंक काढली. जुन्या धोतरात गुंडाळलेली एक ७८ ची तबकडी तीत होती. लग्नाआधी एका गायकाबरोबर ते मुंबईस गेले होते आणि तिथे ती भरली गेली होती. आम्हाला याचा पत्ताही नव्हता. फोनोची सुई उलटी केली, खटका ७८ वर नेला आणि लावली. तीन मिनिटांचे नाट्यगीत. गाणाऱ्याचे नाव मधल्या कागदावर सोनेरी अक्षरांत. तबल्याचे नाव नाही. परंतु अंतऱ्यानंतर गायक जरा थांबतो तिथे एक छोटा तुकडा येतो आणि समेवर असा अलगद उतरतो की, आम्ही वर पाहिले. नाना भिंतीकडे बघत होते. “तिथं त्यांचा श्वास संपला होता,” ते म्हणाले, “म्हणून भरलं.”

श्रोतेहो, अठरा वर्षे आम्ही या माणसाच्या घरात जेवत होतो आणि तो वाजवतो कसा, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले.

दुसरी तबकडी ‘सार्जंट पेपर’, १९६७ ची. तिचे वेष्टन जगप्रसिद्ध आहे. थोरामोठ्यांच्या चित्रांची नुसती दाटी. योगानंदांसह चार हिंदी योगी आहेत. गांधीजींचेही चित्र होते, पण हिंदुस्थानात लोकांना राग येईल या धास्तीने कंपनीच्या सांगण्यावरून ते पुसले. पाठीमागे सगळी गाणी छापलेली. नाना म्हणाले, “वाच नावं.” कारण दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात दिलरुबा, तंबोरा, तबला, सगळे आहे, आणि बीटल्सपैकी हॅरिसनवाचून दुसरा कोणी नाही. आम्ही वेष्टन उलटसुलट केले. वादकांची नावे नव्हती. “इतके स्वामी बसवले,” नाना म्हणाले, “तबलजीला जागा नाही झाली.”

पुढे अनेक वर्षांनी अभ्यासकांनी ती नावे शोधून काढली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा. आज आम्ही ती मुद्दाम मोठ्याने उच्चारली.

येथून आमच्या ऐकण्याची रीत बदलली. इंग्रजी शब्द आम्हाला निम्मे कळत नसत, त्याचा फायदाच झाला. कान वाद्यांकडे गेला. बॉब डिलनची ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’ ही १९६५ ची तबकडी घ्या. तिच्या पहिल्याच गाण्यात ऑर्गनचे सूर आहेत. ते वाजवणारा अल कूपर एकवीस वर्षांचा होता आणि ऑर्गनवादक मुळीच नव्हता. ध्वनिमुद्रण बघायला बोलावलेला हा मुलगा, गिटारवर बसायला मिळेल या आशेने आला. तिथे माइक ब्लूमफील्डसारखा पट्टीचा गिटारवाला पाहून त्याने आपली गिटार बाजूला ठेवली आणि रिकाम्या ऑर्गनवर जाऊन बसला. बाकीचे कोणत्या सुरावर जातात ते ऐकायचे आणि मग बोट ठेवायचे, म्हणून तो किंचित मागून येतो. डिलनला ते आवडले. त्याने ऑर्गन मोठा करायला सांगितले. ही गोष्ट ऐकवली तेव्हा नाना खूश झाले. “साथ अशीच असते,” म्हणाले. “आधी कान, मग हात.”

तिसरी तबकडी पिंक फ्लॉइडची, १९७३ ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’. तोवर आम्ही नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या बोनसातून स्वतःचा फोनो घेतला होता. पहिल्या बाजूच्या अखेरीस एक बाई शब्दांवाचून गाते, नुसता आकार. तिचे नाव क्लेअर टॉरी. पियानोवरचे सूर रिचर्ड राइटचे. त्यांवर काय गायचे हे कोणी लिहून दिले नव्हते, ते तिने उभ्या उभ्या रचले. त्या रविवारच्या कामाचे तिला ३० पौंड मिळाले. वेष्टनावर गायिका म्हणून तिचे नाव होते, रचनाकार म्हणून नव्हते. २००४ साली ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रचनेच्या श्रेयात तिचे नाव आले. बत्तीस वर्षे लागली. नाना १९९४ सालीच गेले. त्यांना हे सांगायचे राहून गेले.

कोणी म्हणेल, नाव छापल्याने संगीत का बदलते? संगीत बदलत नाही, ऐकणारा बदलतो. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानने तबकडी भरली, तेव्हा गाणे संपताच तिने आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या माणसांना कळावे कोणाची कोणती, म्हणून ही युक्ती. गाणाऱ्याची ती सोय झाली. मागे सारंगी-तबला घेऊन बसलेल्यांना कोणी ‘तुम्हीही सांगा’ म्हटले नाही. परंतु नाव एकदा कळले की, कान त्या माणसाला गर्दीत शोधू लागतो. रॉकच्या तबकड्यांनी आम्हाला ही खोड लावली आणि त्या खोडीनेच आम्ही परत आपल्या मैफलीत येऊन बसलो. ज्या मुलाला ख्याल कंटाळवाणा वाटे, तो विलंबितातल्या ठेक्यासाठी जाऊ लागला. नाना वाजवीत असले की आम्ही पुढे, तबल्याच्या बाजूला बसत असू.

आज तबकडी गेली, फोन आला. हवे ते गाणे क्षणात लागते, हे मोठेच सुख आहे. पण उलटे करून वाचायला पाठ उरलेली नाही. वाजवणारा कोण, हे मुद्दाम शोधल्यावाचून दिसत नाही.

नानांच्या त्या ७८ च्या तबकडीला कंपनीचे वेष्टन राहिलेले नाही. १९७१ च्या त्या मे महिन्यात आम्ही खाकी कागदाचे एक शिवले आणि त्यावर शाईने गायकाचे नाव लिहिले, खाली नानांचे लिहिले. नाना म्हणाले, “कशाला उगाच?” पण ट्रंकेत परत ठेवताना त्यांनी नावाची बाजू वर ठेवली.

जाता जाता एक गाऱ्हाणे. परवा या मालेचा समारोप गायनाने होत आहे. पत्रिकेत गायिकेचे नाव आहे, ते योग्यच. त्याखाली ‘साथसंगत: स्थानिक कलावंत’ एवढेच आहे. आम्ही चिटणिसांना भेटलो. पत्रिका तर छापून झाली, पण दाराशी फळ्यावर तिन्ही नावे लिहिण्याचे त्यांनी मान्य केले आहे. तेव्हा परवा आत शिरण्याआधी क्षणभर फळ्यापाशी थांबा, आणि ती नावे वाचून मगच आपापल्या जागेवर बसा.