प्रश्नाची भाषा



गुणात्मक संशोधन म्हटले की परदेशी ग्रंथांची नावे घेण्याची आपल्याकडे रीत आहे. मी आपल्याला तितक्या लांब नेणार नाही. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यापर्यंत चला.

तिथल्या गोंडांच्या कसत्या जमिनी राखीव जंगलात गेल्या. कुमरम भीम यांनी उठाव केला आणि १९४० साली जोडेघाटला ते पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सरकारदप्तरी जमिनीची नोंद होती, साऱ्याचा आकडा होता. माणसे का उठली, हे त्या कागदांत नव्हते. ते समजून घेण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना दिले. ते मारलावाई गावी राहिले, गोंडी शिकले. पुढे निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी, ज्यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, अधिकारी म्हणून त्या जिल्ह्यात गेले. त्यांनीही गोंडी आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले.

मोजणीने ‘किती’ ते कळते. ‘का’ हे कळायला माणसाजवळ बसावे लागते. या पद्धतीचा पाया एवढाच. सहभागी निरीक्षण, मुक्त मुलाखत, जीवनकथा ही तिची साधने. पण त्यांच्याही आधी भाषा येते. दुभाष्यामार्फत विचारले, की उत्तर दुभाष्याकडे बघून दिले जाते.

याचा उपयोग काय झाला? १९४३ साली मारलावाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

तरी एक सल उरतोच. ज्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्याच सरकारने विचारणाऱ्याला पाठवले होते. सांगणाऱ्यांनी किती सांगितले असेल आणि किती पोटात ठेवले असेल? म्हणून मी कोण, मला हे का सांगितले जात आहे, हेही संशोधकाने आपल्या टिपणवहीत लिहायचे असते. ते टाळले, की संशोधनाचा पंचनामा होतो.

वाचकहो, हैदराबादेत आपण घरी मराठी, बाजारात तेलुगू नाहीतर दखनी बोलतो. कोणत्या भाषेत काय बोलायचे नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हा अनुभव या कामात मोठे भांडवल आहे. उद्या वही घेऊन कोणापुढे बसलात, तर पहिला प्रश्न त्याच्या भाषेत विचारा आणि उत्तराची घाई करू नका.