लोकरीचा रंग आणि स्टीलहेड मासा

स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतणारा रेनबो ट्राउट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांच्या नद्यांत त्याचा हिवाळी गट साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अंडी घालायला वर चढतो. त्याला भुलवायला गळाच्या गाठीत रंगीत लोकरीचा झुबका अडकवतात. पाण्यात हा झुबका सॅमनच्या अंड्यांसारखा दिसतो. शिवाय धागे माशाच्या बारीक दातांत गुंततात. त्यामुळे आमिष थुंकायला त्याला जरा उशीर होतो, आणि गळ टाकणाऱ्याला तेवढाच अवधी हवा असतो!

रंग ठरवायचा तो पाणी पाहून. पाणी नितळ असेल तर फिकट गुलाबी किंवा पीच रंगाचा, वाटाण्याएवढा झुबका पुरे. फार भडक दिसलं तर मासा बुजतो. पावसाने नदी गढूळ झाली की झुबका मोठा करायचा, रंग झगझगीत नारिंगी किंवा पोपटी. लाल मात्र जपून वापरावा. लाल प्रकाश पाण्यात लवकर शोषला जातो, म्हणून खोल डोहात लाल लोकर काळपट दिसू लागते. माझं मत विचाराल तर नारिंगी आणि पोपटी एकत्र बांधलेले बरे.

एक नियमही सांगतो. मत्स्यबीज केंद्रातल्या माशांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. वॉशिंग्टनच्या नद्यांत तो पर शाबूत असलेला स्टीलहेड गळाला लागला, तर हौशी मासेमाराला तो सोडून द्यावा लागतो.