स्मृती : साठवण आणि घडण



१२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही त्याच दिवशी फोडले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. परंतु पानशेतची आठवण निघाली की जुनी माणसे वेल्हे असेच म्हणतात. ती बातमी कोठे, कोणाच्या तोंडून आणि कोणते काम हातात असताना कळली, हे भोर-वेल्ह्यातील वयोवृद्ध आजही बारकाव्यांसह सांगतात. मात्र एकाच घरातील दोन भावांच्या हकिगती पुष्कळदा जुळत नाहीत. मग असत्य कोण बोलतो? मानसशास्त्राचे उत्तर असे की, बहुधा कोणीच नाही.

अशा ठसठशीत आठवणींना ब्राउन आणि कुलिक या संशोधकांनी १९७७ मध्ये छायाचित्रकाराच्या झगझगीत दिव्यावरून ‘फ्लॅशबल्ब स्मृती’ असे नाव दिले. पण छायाचित्राची उपमा पुरती टिकली नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान आकाशात नष्ट झाले. बातमी कशी कळली, हे उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पूर्णपणे जुळणारी उत्तरे केवळ तिघांची निघाली. अकरा जणांचा तर एकही मुख्य मुद्दा जुळला नाही. विशेष म्हणजे, स्वतःचे जुने हस्ताक्षर समोर ठेवल्यावरही कित्येकांना नवी आठवणच खरी वाटत राहिली. मनाची खात्री आणि घटनेचे सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कापडाचा तागा फडताळात ठेवावा आणि वर्षाने तसाच उलगडावा, असे स्मृतीचे नसते. इंग्लंडमधील बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखविले की, मनुष्य ऐकलेली गोष्ट आपल्या समजुतीच्या साच्यात पुन्हा रचतो. इतरांचे शब्दही त्या रचनेत शिरतात. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखविली. पन्नास जणांना विचारताना गाड्या ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला, पन्नासांना ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द. उरलेल्यांना वेगाविषयी विचारलेच नाही. आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातील १६ जणांनी सांगितले, दुसऱ्यातील ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच!

व्यापारी घराण्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. वडिलांनी हयातीत दुकानाविषयी तोंडी काय सांगितले, यावरून भावाभावांत वितुष्ट येते. एकमेकांना लबाड ठरविले जाते आणि पुढच्या पिढीतील जाणे-येणेही थांबते. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या मनात घडलेली आठवण प्रामाणिकपणे सांगत असू शकतात. रोजमेळ त्याच दिवशी लिहिण्याची जुन्या पेढ्यांची शिस्त या दृष्टीने फार शहाणपणाची होती.

स्मृतीला स्थळाचा आधार लागतो, हेही खरे. भोर तालुक्यात भाटघरच्या जलाशयात वर्षाचा बहुतेक काळ बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते. परिचित स्थळ समोर आले की एरवी न सुचणारी नावे, वाटा, माणसे आठवू लागतात. पाणबुड्यांवरील १९७५ च्या एका प्रयोगातही पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले.

जैन परंपरेला स्मरणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही ठाऊक होती. श्रीमद् राजचंद्रांनी १८८७ मध्ये मुंबईत शतावधानाचा प्रयोग करून दाखविला. तरीही केवळ मुखपाठावर विसंबणे धोक्याचे ठरल्यावर, श्वेतांबर परंपरेनुसार, देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ करण्यात आले.

सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्येष्ठांच्या आठवणी टिपणाऱ्या तरुणांनी म्हणूनच दोन वृद्धांना एकत्र बसवून विचारू नये. एकाचे शब्द दुसऱ्याच्या स्मृतीत मिसळतात. प्रत्येकाचे निवेदन स्वतंत्र घ्यावे, शक्यतो त्या जुन्या वास्तूत बसून, आणि वर त्या दिवसाची तारीख घालावी. निवेदने जुळली नाहीत तर दोन्ही तशीच छापावीत.