तेराव्या क्रमांकाची शर्यत



दत्तू बबन भोकनळ हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला भारताकडून गेलेला तो एकटाच खेळाडू. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना एक आयती बातमी मिळाली होती: दुष्काळी गावचा पोरगा, ज्याच्या गावात प्यायला पाणी नाही, तो पाण्यावरचा खेळ खेळतो. मथळा म्हणून ते झकास आहे. पण त्याने काहीही उलगडत नाही. दुष्काळी गावं आपल्याकडे हजारो आहेत, रोइंगमधले ऑलिंपियन मोजके. तेव्हा आज विरोधाभासाची गोडी बाजूला ठेवू आणि त्याचा हंगाम पाहू.

आधी खेळाबद्दल थोडं. अंतर २००० मीटर, लेन सहा. एकट्याच्या प्रकाराला सिंगल स्कल म्हणतात. दोन हातांत दोन वल्ही, बोट साधारण आठ मीटर लांब आणि अंगाला घट्ट बसेल इतकी अरुंद. तिचं वजन नियमाप्रमाणे १४ किलोंपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे धान्याच्या अर्ध्या पोत्याहूनही हलक्या वस्तूवर सहा फुटी गडी बसतो, आणि वल्ही हातची सुटली तर थेट पाण्यात जातो. बसायची सीट रुळांवर मागे-पुढे सरकते, कारण जोर मुख्यतः पायांचा असतो. पाहणाऱ्याला वाटतं हात ओढताहेत. खरं तर पाय ढकलताहेत. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा, सात मिनिटं. पहिले पाचशे मीटर अंगातल्या ताकदीवर निघतात. तिसऱ्या पाचशेत मांड्या पेटतात, श्वास पुरत नाही आणि काठ अजून दूर असतो. रोइंगवाले शर्यतीची खरी परीक्षा तिथेच मानतात.

दत्तूचे वडील विहिरी खोदायचे, दगड फोडायचे. शाळकरी वयातच तोही त्या कामात उतरला. पुढे पेट्रोल पंपावरही राबला. २०११मध्ये वडील गेले. घरात तो मोठा. २०१२मध्ये तो सैन्यात भरती झाला, पुण्यातल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. तिथे प्रशिक्षकांच्या डोळ्यांत भरली ती त्याची उंची. या खेळात लांब हातपाय म्हणजे प्रत्येक वल्ह्याला पाण्यात जास्त पल्ला. दापोडीच्या सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आवारात सैन्याचं रोइंग केंद्र आहे. तिथे त्याला बोटीत बसवलं. पाण्याची त्याला भीती वाटायची, हे त्याने स्वतः पुष्कळदा सांगितलं आहे. तरी तीन वर्षांत, २०१५च्या बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, तो सिंगल स्कलचं रौप्य घेऊन आला.

पुण्यातल्या श्रोत्यांना इथे थोडं टोचेल असं बोलतो. रोइंग पुण्याला नवीन नाही. इंजिनीअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८चा, त्याची रेगाटा शहराला ठाऊक आहे, लोक हौसेने पाहायला जातात. पण तीन वर्षांत आशियाई रौप्यापर्यंत नेणारी सक्त, कंटाळवाणी, रोज पहाटेची तालीम उभी राहिली ती लष्कराच्या कुंपणाआड. एर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्रावर, रोज तेच आकडे पुन्हा पुन्हा मोजत. हौस आणि हंगाम यांत हाच फरक पडतो.

आता २०१६. एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे आशिया-ओशनिया विभागाची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा होती. त्याच काळात आईला अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला आणि ती बेशुद्धावस्थेत गेली. दत्तू चुंगजूला गेला, ७ मिनिटं ७.६३ सेकंदांत दुसरा आला आणि रिओचं तिकीट घेऊन परतला. घरी आई त्याला ओळखण्याच्या स्थितीत नव्हती. त्या प्रसंगाला मी रंग चढवणार नाही. एवढंच म्हणतो, की पात्रता आणि ऑलिंपिक यांमधले चार महिने खेळाडूने निव्वळ खावं, झोपावं, वल्हवावं असे असतात, आणि याचे तसे नव्हते.

रिओतली शर्यत लागोआ रॉड्रिगो डी फ्रेइटास या सरोवरावर होती. ६ ऑगस्टला, पहिल्याच दिवशी, वारा इतका उलटा की सर्बियाची पुरुषांची जोडी उलटून पाण्यात पडली. ७ तारखेचा सगळा कार्यक्रम तर रद्दच करावा लागला. त्या ६ तारखेच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, दत्तू तिसरा आला, ७ मिनिटं २१.६७ सेकंद. पहिले तिघे थेट उपउपांत्य फेरीत, म्हणून तोही. आपल्याकडे लगेच कुजबुज झाली, की चुंगजूपेक्षा हा चौदा सेकंद मागे कसा? पाण्यावरची वेळ अशी वाचायची नसते. समोरून वारा आला की सगळ्यांचेच सेकंद वाढतात. याच कारणाने रोइंगमध्ये 'विश्वविक्रम' असा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत, 'सर्वोत्तम वेळ' म्हणतात. त्यानंतरच्या उपउपांत्य फेरीत तोच दत्तू ६ मिनिटं ५९.८९ सेकंदांत आला. बावीस सेकंद कमी! आणि तरीही चौथा. पुढे जाणार होते फक्त तिघे.

इथे आपल्या बहुतेक बातम्या संपल्या. 'दत्तूचं आव्हान संपुष्टात'. पदकाच्या हिशेबाने ते खरंच. पण रोइंगचं वेळापत्रक असं असतं, की हरलेल्यालाही पाण्यावर उतरावं लागतं. चार उपउपांत्य शर्यतींतून पहिले बारा जण वरच्या गटात गेले. उरलेल्या बारांची वेगळी उपांत्य फेरी आणि मग क्रमांक ठरवणाऱ्या क आणि ड अंतिम शर्यती. चौथा आलेल्या माणसाला आता जगात कितवा क्रमांक मिळू शकत होता? जास्तीत जास्त तेरावा. बारावाही नाही. वरचं दार बंद झालेलं.

अशा शर्यतीत काय होतं ते पाहा. गॅलरी रिकामी असते, कॅमेरे दुसरीकडे असतात. अंगातला जोर निम्मा होतो, कारण मिळवायचं काही नाही असं प्रत्येकाला वाटतं. दत्तू तिथल्या उपांत्य फेरीत दुसरा आला आणि मग क अंतिम शर्यत त्याने जिंकली. वेळ ६ मिनिटं ५४.९६ सेकंद, रिओतल्या त्याच्या चारही शर्यतींतली सर्वांत कमी. वाऱ्याचा वाटा मी आत्ताच सांगितला, तो इथेही वजा करा. पण पहिला येण्याला वारा लागत नाही. तो साधारणपणे सहाही लेनना सारखाच असतो. जेवढं मिळण्यासारखं उरलं होतं, तेवढं सगळं त्याने घेतलं. चार वर्षांपूर्वी लंडनला स्वर्ण सिंग याच प्रकारात सोळावा होता. सिंगल स्कलमधली भारताची ऑलिंपिकमधली सर्वोत्तम कामगिरी रिओची आहे.

माझं मत विचाराल तर ती क अंतिम शर्यत ही दत्तूची सर्वांत मोठी शर्यत. त्याच्या सुवर्णपदकापेक्षाही मोठी. अनेकांना हे पटणार नाही.

कारण सुवर्ण त्यानंतर आलं. २०१८, आशियाई क्रीडा स्पर्धा, पालेमबांग. २३ ऑगस्टला सिंगल स्कलच्या अंतिम शर्यतीत तो आजारी अवस्थेत उतरला आणि सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच चौघांच्या क्वाड्रपल स्कल बोटीत बसला. सोबत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. वेळ ६ मिनिटं १७.१३ सेकंद, आणि सुवर्ण. लंडनला गेलेला आणि रिओला गेलेला, दोघे सिंगलवाले एका बोटीत. चौघांच्या बोटीत एकाची लय अर्ध्या क्षणाने चुकली तरी बोट अडखळते. चोवीस तासांपूर्वी ज्याचं अंग साथ देत नव्हतं, त्याने ती लय सांभाळली.

कौतुक पुरेसं झालं, असं कुणाला वाटलं असेल तर पुढचं ऐका. मार्च २०१९मध्ये भारतीय रोइंग महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, त्याच २३ ऑगस्टच्या शर्यतीवरून. महासंघाचं म्हणणं, त्याने शर्यत मध्येच सोडली. त्याचं म्हणणं, बोट उलटली. जानेवारी २०२०मध्ये बंदी उठवली गेली आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. न्यायनिवाडा मी करत नाही. पण सिंगल स्कलरची कारकीर्द हंगामांत मोजली जाते, आणि टोकियो ऑलिंपिकच्या आधीचा जवळजवळ एक पूर्ण हंगाम असा गेला. तो परत मिळत नसतो. पुरस्कार आणि बंदी एकाच शर्यतदिवसाच्या आगेमागे ठेवणाऱ्या व्यवस्थेला कारभार म्हणावं का, हा प्रश्न मात्र मी विचारणार.

टोकियोला मग दुसरेच गेले: अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग, लाइटवेट डबल स्कलमध्ये. अकरावे आले. ऑलिंपिक रोइंगमधला भारताचा तो तोवरचा सर्वांत वरचा क्रमांक. सोळा, तेरा, अकरा. प्रकार वेगळे, माणसं वेगळी, पण दिशा दिसते. हे तिन्ही क्रमांक आपल्या क्रीडापानांवर किती ओळींचे झाले होते, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं.

एक विनंती करून थांबतो. या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत. तुमच्या गावात एखादा उंच, लांब हातांचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि जवळ धरणाचं स्थिर पाणी असेल, तर आधी पोहायला शिकवा आणि मग चौकशी करा, की रोइंग कुठे शिकवतात. सैन्यात भरती झाल्यावरच एखाद्याला हा खेळ सापडावा, एवढा उशीर पुन्हा होऊ देऊ नका. आणि पुढच्या ऑलिंपिकमध्ये क अंतिम शर्यतीचाही निकाल बघा.