पावसाळ्यातली कॅप्सूल



मुंबईत पाणी तुंबले की पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची धास्ती येते. उंदीर-घुशींच्या, गुराढोरांच्या मूत्रातले जंतू त्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून, साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ भोगली आहे. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे, असे महापालिका सांगते. तिथे बहुतेकांना डॉक्सिसायक्लिन लिहून मिळते.

औषध जुने, स्वस्त, भरवशाचे. त्याचा त्रास मात्र बरेचदा ते घेण्याच्या पद्धतीतून उद्भवतो.

रात्री घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायची आणि लगेच पाठ टेकायची, ही आपली सवय. अशा वेळी कॅप्सूल अन्ननलिकेतच अडकते, तिथेच विरघळते आणि आतले नाजूक अस्तर पोळते. मग छातीत कळ येते, घास उतरताना दुखते आणि माणूस हृदयविकाराच्या शंकेने हादरतो. छातीत दुखले तर तपासून घ्यावेच. पण मुळात ही वेळ टाळता येते. कॅप्सूल बसून किंवा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा तास तरी आडवे होऊ नका.

उपाशीपोटी मळमळते, म्हणून चार घास खाऊन घ्या. पण त्याच वेळी लोहाची वा कॅल्शियमची गोळी किंवा ॲसिडिटीचे औषध नको. त्यांच्याशी बांधले गेलेले डॉक्सिसायक्लिन रक्तात नीट उतरत नाही. दुधानेही थोडे तसेच होते. दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. या औषधामुळे उन्हाने कातडी नेहमीपेक्षा लवकर भाजते, तेव्हा पावसाने उघडीप दिली की टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

थोडी मळमळ झाली म्हणून औषध परस्पर सोडू नका; डॉक्टरांना विचारा. मात्र अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, दम लागला, तर पुढची कॅप्सूल न घेता थेट रुग्णालय गाठा. जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल किंवा डोके फार दुखून नजर अंधुक झाली असेल, तरीही उशीर नको.

गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा दुसरे औषध देतात. त्यामुळे उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या घरी देऊ नका. त्या घरातल्या माणसांनाही डॉक्टरांकडेच पाठवा.