‘आपण कशासाठी जात आहात?’



१८८३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे वयाची अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मराठी स्त्रीने भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, हा त्या भाषणाचा विषय. ती स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, हे तिने सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच राहण्यास परत येऊ, अशी नि:संदिग्ध ग्वाहीही दिली. त्या काळी अमेरिकेत उतरण्यास व्हिसा लागत नसे. आनंदीबाईंना जाब विचारला तो स्वकीयांनी. आज तेच दोन प्रश्न, कशासाठी जाता आणि परत येणार का, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपाशी परक्या देशाचा अधिकारी विचारतो. व्हिसाचा सारा व्याप या दोन प्रश्नांभोवती उभा आहे.

मधल्या काळात बरेच घडून गेले. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भूभाग वर्ज्य ठरविला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश अंगावर चढविलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९४६ साली दार किलकिले झाले ते वर्षाकाठी १०० भारतीयांपुरते. राष्ट्रनिहाय कोट्याची ती जुनी पद्धत मोडीत निघाली १९६५ साली. आज घरोघरी कोणी ना कोणी अमेरिकेत असते, त्यामागे हा इतिहास आहे. तो ठाऊक नसल्याने व्हिसा म्हणजे पैसे भरले की मिळणारे तिकीट, असा समज रूढ झाला आहे.

त्या देशाचा १९५२ चा कायदा काय म्हणतो, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या २१४(बी) या कलमानुसार तात्पुरता व्हिसा मागणारा माणूस कायमचे राहण्यासच येत आहे, असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. न्यायालयात आरोपीला निर्दोष मानून सुरुवात होते. येथे सगळा उलटा कारभार! वाचून राग येणे स्वाभाविक आहे. पण आपल्या घरात कोणास घ्यावे हे घरधन्यानेच ठरवायचे असते, आणि भारतानेही हा अधिकार कधी सोडलेला नाही. नोकरीसाठीचे एच-१बी आणि कंपनीअंतर्गत बदलीचे एल-१ हे प्रकार या गृहीतकातून वगळले आहेत. तेथे आधी मालकाला अर्ज करावा लागतो. एच-१बी ची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाल्यापासून त्या वाटेची चर्चा निराळीच झाली आहे. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा संबंध अधिक येतो तो दोन प्रकारांशी: आईवडिलांचा बी-२ आणि मुलांचा एफ-१.

आधी आईवडिलांचे पाहू. समजा, नाशिकचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य आहे. मुलगी न्यू जर्सीत, तिचे पहिले बाळंतपण. डीएस-१६० हा अर्ज संगणकावर भरायचा असल्याने ते एजंटाकडे जातात. तो सल्ला देतो, “बाळंतपणाचे नाव काढू नका. नायगारा पाहायला जातो म्हणा.” खिडकीपलीकडचा अधिकारी दोन-चार मिनिटांत विचारतो, मुलगी गरोदर आहे का? जन्मभर मुलांना खरे बोलण्याचे धडे दिलेले गुरुजी मान खाली घालतात आणि म्हणतात, नाही.

या एका शब्दाची किंमत मोठी असू शकते. २१४(बी) खाली नकार मिळाला तर त्यावर अपील नसले, तरी नव्याने शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. (२०२३ च्या जूनपासून हे शुल्क १८५ डॉलर असून ते परत मिळत नाही.) परंतु महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे अधिकाऱ्याने ठरविले, तर त्या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. नातवंडाचे तोंड पाहण्यासाठी सांगितलेले खोटे नातवंडाच्या आड येते. आणि गंमत अशी की, खोटे बोलण्याची मुळात गरजच नव्हती. नातलगांची भेट हे बी-२ व्हिसाचे उघड, मान्य प्रयोजन आहे. ‘मुलगी बाळंत होणार आहे, चार महिने तिच्याजवळ राहू, दिवाळीला घरी येऊ, येथे घर आहे, पेन्शन आहे, धाकटा मुलगा आहे’ हे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही. शेजारणीचे मूल पैसे घेऊन सांभाळणे मात्र नोकरी ठरते, त्याला या व्हिसात स्थान नाही. इंग्रजीच्या धास्तीने पाठ केलेली वाक्ये घोकण्याचेही कारण नाही. मुंबईत मुलाखत मराठीतून देता येते. अर्ज दुसऱ्याने भरला, तरी त्यातील प्रत्येक ओळीची जबाबदारी अर्जदाराचीच असते. म्हणून तो सादर होण्यापूर्वी आपल्या भाषेत वाचून घ्यावा.

मुलांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. एफ-१ साठी मान्यताप्राप्त संस्थेचे आय-२० हे पत्र लागते, आणि पत्र हाती आले की पालक निर्धास्त होतात. मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाकडूनही असेच पत्र येई. तेथे ना प्राध्यापक होते, ना वर्ग. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारच्याच गृहसुरक्षा खात्याने रचलेला सापळा होता. जानेवारी २०१९ मध्ये १२९ भारतीय विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. भारत सरकारने अमेरिकी दूतावासाकडे चिंता नोंदविली. विद्यार्थ्यांना सारे ठाऊक होते, असे तेथील सरकारचे म्हणणे. आपण फसविले गेलो, असे अनेक विद्यार्थ्यांचे. सरकारनेच मुलांना असे जाळ्यात ओढावे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण वर्गच भरत नसताना शुल्क भरून फक्त नोकरी करण्याचा मोह कोणाला झाला, हेही विचारले पाहिजे. एफ-१ म्हणजे शिकण्यासाठी प्रवेश. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालते. पेट्रोलपंपावर चोरून केलेली रात्रपाळी मुलाचे शिक्षण आणि बापाचे कर्ज दोन्ही धोक्यात आणते.

व्हिसा मिळाल्यानंतरही एक चूक राहून जाते, आणि ती बहुधा वडीलधारी माणसेच करतात. पारपत्रावर दहा वर्षांची मुदत पाहून तितकी वर्षे राहता येईल असे वाटते. ती मुदत अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची. आत किती दिवस राहायचे, ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो. बी-२ वर बहुधा सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. तिच्यापुढे १८० दिवसांहून अधिक राहिल्यास परत गेल्यावर तीन वर्षे, आणि वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होते. ही नोंद २०१३ पासून हवाई प्रवाशांसाठी संगणकावरच असते, कागद हाती मिळत नाही. म्हणून मुलीच्या घरी पोहोचल्यावर सामान सोडण्याआधी जावयाला ती उघडायला सांगावी, आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवावी.